बिनकिल्ल्यांची नर्स

९ सप्टेंबर

परवाना आला. आईनेच पाकीट टपालपेटीतून आणलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं, विजेचं बिल ठेवावं तसं. मी परत नर्स आहे. म्हणजे पाऊण नर्स. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांना हात लावायचा नाही. त्या गोळ्यांच्या कपाटाच्या किल्ल्या जवळ ठेवायच्या नाहीत. रात्रपाळी नाही, कोणाच्या घरी जाऊन शुश्रूषा नाही, आणि माझ्यावर लक्ष ठेवायला दुसरी नर्स त्याच इमारतीत हवी. असं तीन वर्षं. ही तीन वर्षं मी नर्स म्हणून कामाला लागेन त्या दिवसापासून मोजणार, आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत काम मिळालं नाही तर परवाना कायमचा रद्द. जिला कोणी दारात उभं करणार नाही, तिने नोकरी करून दाखवायची!

रोजचा फोन आहेच. सकाळी पाचनंतर एका नंबरला फोन लावायचा, यंत्रातली बाई सांगते आज लघवी द्यायला जायचं की नाही. निषिद्ध गोष्टींचा कागद मी फ्रिजवर चिकटवलाय: दारू, खोकल्याचं औषध, माउथवॉश, खसखस. खसखशीनेसुद्धा तपासणीत अफू दिसते. आई फ्रिज उघडते, बंद करते, त्या कागदाकडे ढुंकून बघत नाही. तिला या विषयाचा उल्लेखच नको असतो.

पाठीचं ऑपरेशन, त्यानंतरच्या गोळ्या, मग रुग्णांच्या गोळ्या. हे सगळं व्यसनमुक्तीच्या गुरुवारच्या गटात बोलून चोथा झालाय. इथे परत नको.

१७ सप्टेंबर

रोपवाटिकेतून अर्धा दिवस सुट्टी घेऊन मोठ्या हॉस्पिटलात मुलाखतीला गेले. नखांत माती राहिली होती ती गाडीत बसून काढली. मुलाखत घेणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. वीस वर्षांचा अनुभव बघून खुलली, मग परवान्यावरच्या शिक्क्यापाशी आली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणजे गेलीच. खडसावतात तिथे थोडीतरी आशा असते. मऊ बोलले की समजावं, पर्स उचला.

"म्हणजे किल्ल्या अजिबात घेता येणार नाहीत?" तिने विचारलं.

"अजिबात नाही."

"कधीतरीसुद्धा?"

"तुमच्याकडे कधीतरी भूल न देता ऑपरेशन करतात का?" असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

२ ऑक्टोबर

शाळेत नकार. तुरुंगाच्या दवाखान्यात नकार. तिथला साहेब म्हणाला, "बाई, आमच्याकडे आतल्यांवरच नजर ठेवता ठेवता नाकी नऊ येतात." पैसे देऊन लोकांचा प्लाझ्मा गोळा करतात त्या केंद्रात तर फॉर्म वाचून बाई म्हणाली की कळवतो, आणि मी दाराबाहेर पडायच्या आत तो फॉर्म ट्रेमध्ये पालथा घातला.

शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालताना मालक म्हणाला, "डेनीस, तू इथेच राहा ना. हात चांगला आहे तुझा." चांगला माणूस आहे. पण मला रडूच आलं. मला शेवंती नको, मला माणसं हवीत. तापलेली, कण्हणारी, चिडकी माणसं. याहून स्पष्ट मला लिहिता येत नाही.

१२ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात शुक्रवारी बायका विकायला करंजीसारख्या पिरोगी करतात, आईला सोडायला गेले होते. बटाट्याचं सारण भरता भरता सगळ्यांचे कान माझ्याकडे. मिसेस ह्लावाच म्हणाली, "डेनीस, अजून फुलंच विकतेस का?" आई लाटणं न थांबवता म्हणाली, "फुलंच विकते. तुझा जावई काय विकतो हल्ली?" जावई गेले वर्षभर घरी बसून आहे.

तिथेच रोझॅन युर्को भेटली. नर्सिंग शाळेत आम्ही एका खोलीत राहायचो. ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आहे, दिवसपाळीची मुख्य नर्स. मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "आमच्याकडे ये. दोन जागा रिकाम्या आहेत."

"माझी भानगड माहितीये ना?"

"गावाला माहितीये, मला नसेल? तुझ्या पेशंटच्या दुखण्याच्या गोळ्या मी देईन. किल्ल्या माझ्याकडेच असतात. मेसेकबाईंशी मी बोलते."

इतकं सरळ माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं.

१९ ऑक्टोबर

मिळाली! मेसेकबाई आश्रमाच्या प्रमुख. साठीच्या, चष्मा गळ्यात लटकवलेला, बोलणं तुसडं. मला ते तुसडं बोलणं ऐकूनच बरं वाटलं.

"चोरलं होतंस?"

"हो."

"पेशंटचं?"

"हो."

"आता?"

"आता नाही. रोज सकाळी फोन लावते."

"इथे तू काही केलंस तर मी तुला पाठीशी घालणार नाही. परवाना मंडळाला कागद पाठवेन आणि झोपेन निवांत."

"चालेल."

"जखमा कशा बांधतेस?"

"उत्तम."

"सोमवारी सात वाजता ये. रबरी तळव्याचे बूट घाल, फरशी ओली असते."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग डब्याला काय देऊ?" बस्स, एवढंच. मला वाटलं होतं मिठी मारेल.

२३ ऑक्टोबर

पाळी बदलताना जाणारी नर्स आणि येणारी नर्स कपाटासमोर उभ्या राहतात. एक गोळ्या मोजते, दुसरी वहीत बघते, आकडा जुळला की किल्ल्यांचा जुडगा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात. टेबलावर ठेवायचा नाही, खिशातून खिशात टाकायचा नाही. हातातून हातात. वीस वर्षं मी हे केलं, आता ते चालू असताना मला कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला उभं राहावं लागतं. सगळ्यांना दिसतं. मदतनीस पोरी आपापसांत काहीतरी पुटपुटतात. पुटपुटोत.

माझ्याकडे अकरा जण आहेत. सगळ्यांत आवडली ग्रेस्को आजी. नव्वदी ओलांडलेली, दोन्ही गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. मी पहिल्यांदा खोलीत गेले तर म्हणाली, "तू कोणाची?" मी आईचं नाव सांगितलं. "म्हणजे तू ती गोळ्यावाली!" मी हो म्हटलं. "बरं. उशी सरळ कर."

रोझॅन दिलेल्या शब्दाला जागते. मी काही म्हणायच्या आत माझ्या पेशंटच्या गोळ्या घेऊन हजर. "तू नको काळजी करूस, मी बघते," हे तिचं पालुपद. आश्रमात हीटर भट्टीसारखा पेटलेला असतो आणि ही बाई लांब बाह्यांचा स्वेटर घालून फिरते. कायमच थंडी वाजायची तिला, शाळेतही.

८ नोव्हेंबर

दोन आठवड्यांत तीनदा लघवी द्यायला बोलावलं. तिन्ही वेळा स्वच्छ. मेसेकबाईंनी जखमांचं सगळं काम माझ्याकडे दिलंय. बोडनारकाकांच्या टाचेची जखम भरत आलीय. त्या गुलाबी कातडीकडे मी पाच मिनिटं बघत बसले. काकांनी विचारलं, "टाचेत टीव्ही लागलाय का?"

ग्रेस्को आजींचे गुडघे फार दुखतायत. रोझॅन सकाळी गोळी देते, तरी दहा वाजता आजी पलंगाची कड धरून बसलेल्या असतात. मी गरम पिशवी ठेवते, पाय चोळते. हवा बदलतेय, त्यानेही असेल.

२१ नोव्हेंबर

आज आजी म्हणाल्या, "पोरी, ती गोळी आधी कडू होती. विष असल्यासारखी. हल्ली कडू लागत नाही."

"कंपनी बदलली असेल आजी."

"कंपनीला म्हणावं, परत कडू करा. ती लागू पडायची."

या वयात चवही जाते. रोझॅनला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, "म्हातारीला पेढा वाटत असेल." मग बराच वेळ पेशंटच्या नावांच्या फळ्याकडे बघत उभी राहिली. थकलीय बिचारी. काल तिची सुट्टी होती तरी आली होती, कोणीतरी आजारी पडलं म्हणून. अशी माणसं आहेत म्हणून आश्रम चालतो.

२ डिसेंबर

आईने नाताळच्या गोड पावाच्या रोलची तयारी सुरू केली. यंदा सगळे अक्रोडाचे. लहानपणापासून अर्धे अक्रोडाचे, अर्धे खसखशीचे होतात, आणि गावात आईच्या खसखशीच्या रोलवर लोक टपून असतात. मी मनात नकाराची तयारी करून ठेवली होती, ती वायाच गेली. खसखशीचा डबा कुठे विचारलं तर म्हणाली, "मुंग्या लागल्या, टाकून दिला."

डिसेंबरात मुंग्या! बाहेर गुडघाभर बर्फ. आईचं वय होत चाललंय, हे आता मान्य करायला हवं. डॉक्टरांकडे न्यायला हवं.

९ डिसेंबर

हे लिहावं की नाही असं वाटतंय. रोझॅन आज जेवणाच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली, चमचा हातात. डोळे उघडले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "मुलीने रात्रभर झोपू दिलं नाही." तिची मुलगी तर दुसऱ्या राज्यात, ओहायोत असते.

माझ्या डोक्यात नको ते येतं. मी स्वतः जे केलं ते मला जिथे तिथे दिसतं, गटातले लोकही असंच सांगतात. शिवाय जिने मला हात दिला तिच्याबद्दल मी असा विचार करणार? लाज वाटायला हवी. कानाडोळा म्हणू नये याला, याला विश्वास म्हणतात.

गुडघे चोळताना आजींनी माझं मनगट धरलं. "ओरडू का नको?" असं विचारलं त्यांनी. परवानगी मागितली माझ्याकडे. मी म्हटलं, ओरडा. त्या ओरडल्या नाहीत.

१० डिसेंबर

झोप नीट लागली नाही. मी ज्यांच्या गोळ्या घेतल्या त्यांतला एकही चेहरा मला आठवत नाही. खोल्यांचे नंबर आठवतात. चेहरे मी बघितलेच नव्हते. आजींचा चेहरा मात्र मी रोज बघते.

१४ डिसेंबर

क्रमाने लिहिते.

सकाळी नाश्त्यानंतर कॉरिडॉरमधल्या संडासात गेले. तो म्हाताऱ्यांसाठीचा, पण आम्हीही वापरतो. बेसिनच्या कडेला किल्ल्यांचा जुडगा. त्याच्या शेजारी कागदाचा छोटा पेला, वर पेनाने १४ लिहिलेलं. चौदा म्हणजे ग्रेस्को आजी. पेल्यात गोळी. ती गोळी मी आंधळी झाले तरी ओळखेन.

सगळं एका क्षणात कळलं. खरं म्हणजे आधीच कळलं होतं, मीच मला सांगितलं नव्हतं.

आणि आता लाजिरवाणं. मला आजी आठवल्या नाहीत, रोझॅन आठवली नाही. मला दाराची कडी दिसली. आतून लागते. एक गोळी. कोणाला कळणार? पेला तर रोझॅनचाच. तोंडाला पाणी सुटलं, अक्षरशः. इतक्या महिन्यांनंतर, कुत्र्यासारखं.

किल्ल्यांना हात लावला तर अट मोडते. तशाच सोडून मेसेकबाईंना बोलवायला गेले तर मागून कोणीही येईल. तिथे उभी राहिले तर मी एकटी आणि ती गोळी. मग मी भिंतीवरची लाल दोरी ओढली. म्हातारे पडले तर ओढायची दोरी. दारावर दिवा पेटला, घंटा वाजायला लागली, मी पाठ बेसिनकडे करून उंबऱ्यात उभी राहिले, दोन्ही हात वर. पोलिसांनी पकडल्यासारखी दिसत असणार.

पहिली धावत आली ती रोझॅन. मला बघितलं, माझ्या खांद्यावरून आत बघितलं.

"डेनीस, घंटा बंद कर. सरक, मी घेते ते."

"नको रोझॅन."

"अगं विसरले मी. माणूस विसरत नाही का? सरक."

"पेला चौदा नंबरचा आहे."

ती एकदम पुटपुटायला लागली. "तुला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा मी आणलं इथे. मी! माझा शब्द होता. हे असं फेडणार?"

"माहितीये."

"मग सरक ना. प्लीज."

तसलेच डोळे आरशात मी वर्षभर रोज बघितलेत. मी सरकले नाही. मला तिच्यासाठी रडू येत होतं, आणि तिला धक्का मारून तो पेला मीच उचलावा असंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. तेवढ्यात मेसेकबाई आल्या, चष्मा लावत. त्यांनी बेसिन बघितलं, माझे वर केलेले हात बघितले.

"कोणी हात लावला?"

"मी नाही," मी म्हटलं.

"ती खोटं बोलतेय," रोझॅन म्हणाली. "तिनेच खिशातून काढल्या माझ्या. तिचा परवाना बघा ना!"

मेसेकबाईंनी दोघींना तपासणीला पाठवलं, वेगवेगळ्या गाड्यांतून, आणि निकाल येईपर्यंत दोघींनाही घरी बसवलं. पाठीशी घालणार नाही म्हणाल्या होत्या, शब्द पाळला.

१६ डिसेंबर

घरी. यंत्रातल्या बाईला फोन लावला, ती म्हणाली, आज या. गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "परत?" मी म्हटलं, "मला सवय झालीय तुझी."

माझी तपासणी स्वच्छ असणार हे मला माहीत आहे. पण किल्ल्या मी काढल्या असं रोझॅन म्हणाली ते लघवीत दिसत नाही. तिची वीस वर्षांची नोकरी आणि माझा शिक्का. मी मेसेकबाई असते तर कोणाचं ऐकलं असतं? परवाना गेला तर या वेळी कायमचा जाईल.

आईला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. ऐकून म्हणाली, "दोरी ओढलीस ना?"

"ओढली."

"मग जेव."

१९ डिसेंबर

मेसेकबाईंचा फोन. "उद्या सातला ये."

"म्हणजे...?"

"म्हणजे उद्या सातला ये. पोलीस नाहीत, आरडाओरडा नाही. तिने काल स्वतःच येऊन सांगितलं. तिच्या निकालाची वाट न बघता." मग म्हणाल्या, "मला कळायला हवं होतं. माझ्या नाकासमोर होतं."

"माझ्याही," मी म्हटलं.

"तुझ्या तर दुप्पट," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. बरोबर आहे.

२० डिसेंबर

नवी नर्स आली आहे, पलीकडच्या गावाची, गंभीर पोरगी. तिने आकडे जुळवले, किल्ल्या घेतल्या. मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला माझ्या जागी. मग ती चौदामध्ये गेली, मागोमाग मी उशी सरळ करायला.

आजींनी गोळी तोंडात टाकली आणि त्यांचा सगळा चेहरा आक्रसला.

"काय झालं आजी?"

"शी! कडू!" त्या ओरडल्या. डोळ्यांत पाणी, आणि हसतायत. "परत कडू आहे गं पोरी!"

नवी नर्स घाबरून माझ्याकडे बघायला लागली. बाहेर येऊन मलमपट्टीच्या गाडीमागे पोटभर रडले. दहा वाजता डोकावले तर आजी खुर्चीत बसून शेजारणीची निंदा करत होत्या.

२४ डिसेंबर

नाताळच्या आदल्या रात्रीचं उपासाचं जेवण झालं. टेबलावर अक्रोडाचे रोल, कोबीचे गोळे, मशरूमचं सार. बोबाल्की, कणकेचे भाजलेले बारके गोळे, एरवी मध-खसखशीत घोळवतात, त्या आईने यंदा नुसत्या आंबट कोबीत केल्या. मी म्हटलं, "बाबा असते तर चिडले असते." आई म्हणाली, "बाबा नाहीत. तू आहेस. खा."

६ जानेवारी

संध्याकाळी फोन वाजला. रोझॅन.

"शिव्या द्यायला केला असशील तर दे," मी म्हटलं.

"दिल्या. गेले तीन आठवडे रोज देतेय, तुला ऐकू आल्या नसतील." तिचा आवाज खरखरीत, पण तिचाच. शाळेतल्या खोलीतला. "उपचार केंद्रातून काल घरी आले. माझा परवाना ठेवून घेतलाय त्यांनी. तुझ्यासारखंच तपासणीच्या कार्यक्रमात नाव घातलं."

"तो सकाळचा फोन," ती म्हणाली, "मला उद्यापासून लावायचाय. कसा असतो गं?"

"एक बाई आहे यंत्रात. भावनाशून्य. मेसेकबाईंची बहीण वाटते."

ती हसली, मग रडायला लागली. रडू दिलं.

"मला भीती वाटतेय की मी लावणारच नाही," ती म्हणाली. "उठेन आणि नाहीच लावणार."

"पाचला उठ. कॉफी ठेव. मी आधी माझा लावते, मग तुला फोन करते. मी लाइनवर असताना तू दुसऱ्या फोनवरून तुझा लाव."

"रोज?"

"उद्या," मी म्हटलं. "परवाचं परवा बघू."

गजर पावणेपाचचा लावलाय. आईने विचारलं, एवढ्या पहाटे कशाला. सांगितलं. ती म्हणाली, मग मीही उठते, कॉफी तिघींची होईल. मी म्हटलं, आई, रोझॅन फोनवर असणार, ती इथे नाही येणार. आई म्हणाली, ते मला कळतं, पण येईल कधीतरी.